धारेवर बसून मोजलेल्या घारी

माझं लग्न झालं तेव्हा मला सोळावं लागलं होतं. माहेर म्हसावदपासून कोसभरावर, सासर धानोऱ्याचं. सासरी मी जेमतेम महिनाभर राहिले. तिथली शेती थोरले दीर बघायचे. माझे यजमान जंगल खात्यात गार्ड होते, आणि त्यांची चौकी सातपुड्यात, डोंगराच्या एका धारेवर होती. दोन खोल्या, कौलं, पुढे ओटा. पाण्याचा झरा खाली, उतरायला सोपा आणि हंडा घेऊन चढायला जीव काढणारा. पावरा लोकांचा पाडा अर्ध्या कोसावर. त्यांची बोली मला कळायची नाही आणि माझी अहिराणी ऐकून तिथल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

धारेच्या उत्तरेला डोंगरामागे डोंगर, थेट नर्मदेपर्यंत. दक्षिणेला कडा तुटलेला आणि खाली तापीचं सपाट खोरं. हवा स्वच्छ असली की मला माझ्या माहेरची आमराई दिसायची. काळपट हिरवा ठिपका, अंगठ्याच्या नखाएवढा. पहिल्या दिवशी यजमानांनीच बोट करून ती दिशा दाखवली. मला वाटलं, किती चांगलं झालं, माहेर रोज डोळ्यांपुढे राहील. पण रोज दिसणारं आणि जाता न येणारं गाव फार छळतं, हे मला महिन्याभरातच कळलं. मग मी त्या बाजूला पाठ करून दळायला बसू लागले.

त्या हिवाळ्यात खात्याचे एक गोरे साहेब दौऱ्यावर आले. त्यांचे तंबू झऱ्याजवळ पडले होते. साहेबांना पाखरांचा नाद होता. दरसाल होळीच्या सुमाराला घारी, गरुड, ससाणे असली शिकारी पाखरं थव्याथव्याने दक्षिणेकडून येतात आणि सातपुडा ओलांडून उत्तरेला निघून जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. आमची धार त्यांच्या वाटेवर होती. ही पाखरं रोज कोणीतरी मोजावी, अशी त्यांची इच्छा होती. आसपासच्या गार्डांत चांगलं लिहिता-वाचता येणारे एकटे माझे यजमान. साहेबांबरोबरच्या रेंजरांनी मराठीत सांगितलं, "होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. सकाळी ऊन तापल्यापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत. एकही दिवस चुकवायचा नाही." एक दुर्बीण आणि आखलेल्या तक्त्यांचा गठ्ठा त्यांनी यजमानांच्या हातात दिला. तक्त्यात तारीख, वारा, आणि पाखरांची तीन घरं होती : मोठी, मधली, लहान.

"जी साहेब," यजमान म्हणाले.

मी दाराआडून ऐकत होते. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची अखाजी. खानदेशातल्या सासुरवाशिणी वर्षभर त्या एका सणाची वाट बघतात. भाऊ न्यायला येतो, पंधरा दिवस माहेरी झोके, गाणी, आंब्याचा रस. लग्नानंतरची माझी ती पहिली अखाजी असणार होती. मला वाटलं, मोजतील ते, मी आपली जाईन.

होळी झाली. पाड्यावरचे ढोल थांबले, आणि यजमान सकाळी दुर्बीण घेऊन धारेच्या टोकावरच्या खडकावर जाऊन बसले. दुपारी मी भाकरी आणि ठेचा घेऊन गेले तेव्हा माझं डोकं आपोआप वर झालं. आकाशात पाखरं गरगरत होती. खालून वर, वरून आणखी वर, हवेच्या एका खांबाभोवती फिरावीत तशी. वर पोचली की पंख न हलवता एकामागे एक सरळ उत्तरेला सुटत होती. मी भाकरी खाली ठेवायचंही विसरले.

यजमान दुर्बीण डोळ्यांना लावून बसले होते. मांडीवरच्या तक्त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

"आज एक बी नही," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, "त्या काय मंग? तुमना डोकावर शेतस."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांच्या डाव्या डोळ्यात लहानपणच्या देवीमुळे फूल पडलेलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं, खात्यालाही. उजवा डोळा चांगला होता, असं सगळे समजत होते. त्या उजव्या डोळ्याने ते माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की ते माझ्या आवाजाकडे बघताहेत.

"माले लांबनं दखास नही," ते हळूच म्हणाले.

"कवयपासून?"

"दोन वरीस व्हयनात. कोनले सांगू नको. नोकरी जाई."

कागद नाकाजवळ धरला की त्यांना वाचता यायचं. जंगलातून फिरताना पाड्यावरचा एक म्हातारा राखणदार बरोबर असायचा, तो पुढे चालायचा, हे पावलांच्या अंदाजाने मागे. लाकूड तोडल्याचा आवाज त्यांना कोसावरून कळायचा. दोन वर्षं त्यांनी नुसत्या कानांवर नोकरी केली होती. पण आकाशातली घार आवाज करत नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "मोठी कोनती आन मधली कोनती?" त्या दिवसापासून मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले.

दोन-चार दिवसांत मला रीत सापडली. गरगरणारी पाखरं मोजायची नाहीत, एकच दहादा मोजलं जातं. ती वर जाऊन रांगेने सुटली की मोजायची. निळ्या आभाळात दिसत नाहीत, पांढऱ्या ढगावर दिसतात. दहा झाली की एक खडा डाव्या बाजूचा उजव्या बाजूला. दुर्बिणीची मला कधी सवय झाली नाही, तिच्यातून एक पाखरू मोठं दिसायचं आणि बाकीची निसटायची.

पण त्या खडकावरून उठता यायचं नाही. ऊन तापलं की मी तिथे, आणि सावल्या लांबल्या की घरी. पाणी पहाटेच भरायचं, दळण पहाटे, भाकरी पहाटे. बाजूला बसायचे चार दिवस आले की तक्त्याला शिवायचं नाही, म्हणून मी दहा हातांवर दुसऱ्या दगडावर बसून ओरडून आकडे सांगायची. घशाला कोरड पडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, मान वर करून करून मानेचा पाठीमागचा भाग लाकडासारखा व्हायचा. आणि कुठून तरी कोणी येताना दिसलं की चटकन उठून दूर व्हायचं. गार्डाची बायको घारी मोजते, हे कोणाला कळता कामा नव्हतं.

अखाजीच्या आठ दिवस आधी भाऊ न्यायला आला. घोडं म्हसावदला ठेवून पायी चढून आला होता. तो ओट्यावर पाणी प्याला आणि म्हणाला, "माय वाट देखी ऱ्हायनी. चाल."

यजमान आत तक्ते नीट करत बसले होते. ते बाहेर आले नाहीत.

"औंदा नही जमाव, भाऊ," मी म्हटलं.

"दाजीस्नी नही सांगं का?"

"नही. मन्हंच मन नही शे."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते खरं वाटलं नाही, पण मी दुसरं काही बोलेना. त्याने मायने दिलेलं सांजोरीचं गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि वळला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले. मग खडकावर जाऊन बसले, कारण सकाळची एक रांग आधीच निघून गेली होती.

गावात काय बोललं गेलं ते मला नंतर कळलं. गार्ड बायकोला मारतो, कोंडून ठेवतो, माहेरचं नाव काढू देत नाही. त्यांनी जन्मात माझ्यावर हात उचलला नव्हता. तरी लोकांचं सगळंच खोटं होतं असं मला म्हणवत नाही.

दुसऱ्या वर्षी होळीला मला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी होणार हे ठरलेलंच असतं. यावेळी भाऊ आला नाही. माय स्वतः आली. पायथ्यापर्यंत बैलगाडीने आणि तिथून काठी टेकत चढून. ती चौकीवर पोचली तेव्हा घरात कोणी नव्हतं. शोधत शोधत ती धारेवर आली आणि तिने बघितलं की तिची पोटुशी लेक उन्हात खडकावर मान वर करून बसली आहे.

"तू काय मोजी ऱ्हायनी?"

"घारी."

"कोनासाठे?"

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग मी सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी कोणाला तरी ते सांगत होते. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. सांगता सांगता मी एका बाजूने आभाळाकडे बघत होते, आणि मध्येच "तीन मोठ्या" असं म्हणून गेले.

मायने पदर डोक्यावर पुढे ओढला. आमच्याकडे सासू जावयाशी तोंड वर करून बोलत नाही. ती जमिनीकडे बघून म्हणाली, "जवाईबापू, मन्ही पोरले तुमी खुटाले बांधेल शे."

त्यांनी हातातला बोरू तक्त्यावर ठेवला.

मायने मला न्यायचा हट्ट दोन दिवस धरला. तिसऱ्या दिवशी तिने तो सोडला आणि स्वतःच राहिली. तिने काही यजमानांवर दया केली नाही. ती मला म्हणाली, "तो धनी शे तुन्हा. त्यानी नोकरी गई ते तू काय खाशी?" आणि पाणी भरायला झऱ्यावर उतरली. त्या वयात ती दिवसाला चार खेपा करायची.

कळा सुरू झाल्या त्या दुपारीच, खडकावर. मोठी रांग चालली होती, त्या वसंतातली सगळ्यांत मोठी. मी खडे सरकवत होते. पहिली कळ आली तेव्हा बोललेच नाही. दुसरी आली तेव्हा आकडा तोंडातच राहिला. मायने बघितलं, आणि खड्यांच्या दोन्ही ढिगांना लाथ मारून मला उठवलं. "मरू दे तुन्ही घार!" असं ती एवढ्या मोठ्याने ओरडली की यजमान उभे राहिले.

पाड्यावरची सुईण आली. तिची भाषा मला अजूनही कळत नव्हती, पण तिचे हात कळत होते. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली.

पाचव्या दिवशी मी तक्ता मागितला. बाळंतिणीला त्याचं काय काम, असं मायने विचारलं, पण आणून दिला. त्या दुपारच्या घरांत आकडे होते, आणि त्यापुढच्या चारही दिवसांचे आकडे होते. सुवाच्य अक्षरात, मोठी इतकी, मधली इतकी, लहान इतकी.

"हाई कोनी मोजं?"

यजमान दाराकडे वळले.

"खोटंच लिखानं व्हतं, ते माले काब्रं बठाडी ठेवं?" मी एवढ्या जोरात बोलले की पोर जागी झाली. "दोन वरीस माले उनमा काब्रं बठाडं?"

"साहेब ईचारी ते?" ते म्हणाले. "तो सोता मोजी, आन मंग?"

त्यांची भीती खरी होती. पण मला त्या वेळी दुसरंच काही टोचत होतं, आणि ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. ते पाच दिवसांचे खोटे आकडे माझ्या आकड्यांच्या रांगेत बसले होते आणि कोणालाही फरक कळला नसता. मला ते सहन होईना. दहाव्या दिवशी मी पोरीला झोळीत घालून मोहाच्या झाडाला झोळी बांधली आणि पुन्हा मोजायला बसले. मायने कपाळावर हात मारला. त्या वेळी मला कोणी बांधलं नव्हतं, असं म्हणता येईल. पण मला तर उठताही येत नव्हतं.

तिसऱ्या वसंतात साहेब आले. आगाऊ निरोप होता, म्हणून आम्ही ठरवून ठेवलं. मी मागे मोहाच्या झाडाखाली पोरीला खेळवत बसायचं आणि तिच्याशी बोलल्यासारखं करून आकडे सांगायचे. साहेबांना आमची बोली येत नव्हती, रेंजर पुण्याकडचे होते. मी पोरीची बोटं धरून म्हणायची, "सात वं मन्ही बाय, सात," आणि पुढे यजमान म्हणायचे, "सात, साहेब." सकाळभर ते निभावलं. साहेब खूष दिसत होते.

दुपारी पोर रडायला लागली. दात येत होते. काही केल्या राहीना. माझा आवाज तिच्या रडण्यात बुडून गेला, आणि नेमकी त्याच वेळी दक्षिणेकडून रांग आली. साहेब दुर्बीण लावून तोंडातल्या तोंडात मोजत होते. मग त्यांनी यजमानांना काही विचारलं.

"किती झाली, असं विचारताहेत," रेंजर म्हणाले.

यजमान आकाशाकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचा कान झाडाकडे वळला होता. ते थांबले. मग म्हणाले, "बारा, साहेब."

चाळीसच्या वर होती. साहेबांनी दुर्बीण खाली घेतली. यजमानांच्या डोळ्यांपुढे त्यांनी हात हलवून बघितला. मग यजमानांचा कान कुठे वळलाय ते बघून ते लांब टांगा टाकत थेट माझ्याकडे आले. मी पदर ओढून उभी राहिले. पोर माझ्या खांद्यावर रडत होती.

रेंजर मागोमाग आले. "साहेब विचारतात, किती होती?"

मला वाटलं, आता लपवून काय होणार आहे. "त्रेचाळीस," मी शाळेतल्या मराठीत म्हटलं. "अकरा मोठी, बाकी मधली. शेवटची दोन लहान होती, ती त्यांच्यातली नव्हती."

ते साहेबांना सांगितलं गेलं. मग त्यांनी तंबूतून तीन वर्षांचे तक्ते मागवले, चाळले, आणि रेंजरांशी बोलत राहिले. यजमान ओट्याजवळ हात जोडून उभे होते. पोलिसाच्या हाती लागलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी मनातल्या मनात भांडी बांधायला लागले होते. नोकरी गेली. धानोऱ्याला दिरांच्या दारात जावं लागणार. त्यातच कुठेतरी, मला लाज वाटते सांगायला, मला हलकंही वाटत होतं.

रेंजर आले आणि म्हणाले, "साहेबांनी माफ केलं आहे. असे तक्ते त्यांना दुसरीकडून कुठूनही आलेले नाहीत म्हणतात. गस्तीचं काम दुसऱ्या गार्डाकडे देऊ. तुम्ही दोघांनी इथंच राहायचं आणि हे काम चालू ठेवायचं. साहेब आहेत तोवर तुमची बदली होणार नाही."

यजमान साहेबांच्या बुटांवर वाकले. मी खांब धरून खाली बसले. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

त्यानंतर लपवायची गरज उरली नाही, बाकी सगळं तसंच राहिलं. चौथी अखाजी गेली, पाचवी गेली. माय आता चढू शकत नव्हती. भावाचं लग्न चैत्रात झालं, त्याला मी गेले नाही. यजमानांना धुळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी डोळा बघून मान हलवली. मग लढाई सुरू झाली आणि साहेब कुठेतरी निघून गेले. नवीन साहेबांनी तक्त्यांचा विषय कधी काढला नाही. आम्ही दरसाल पाठवत होतो. एकदा रेंजरच्या कचेरीतला शिपाई आला होता, त्याला मी विचारलं, तक्ते वाचतं कोण? तो म्हणाला, "बांधी ठेवतस, वहिनी. कपाटमा."

मी यजमानांना म्हटलं, आता बंद करू. ते म्हणाले, बंद करायचा हुकूम आलेला नाही. त्यांच्या नोकरीला आता तेवढा एकच आधार होता, आणि तो आधार म्हणजे माझी मान. मी आणखी एक वर्ष मोजलं.

सातव्या वर्षी होळीनंतर महिन्याभराने मी भावाला कार्ड लिहिलं, की अखाजीला न्यायला ये. यजमानांना भाऊ आल्यावरच सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. मला वाटलं होतं ते हुकमाचं बोलतील, नोकरीचं बोलतील. ते एवढंच म्हणाले, "कितला दिन?"

"पंधरा."

"आन आकडा?"

"तुमले जे लिखनं ते लिखा. पन खोटं नका लिखू."

पोरीला घेऊन माहेरी गेले. माझ्या बरोबरच्या मुली कधीच आपापल्या लेकरांत गुंतल्या होत्या, झोक्यावर त्यांच्या धाकट्या बहिणी होत्या. माय ओसरीवर बाजेवर होती. तिला दिसत होतं, ऐकू कमी यायचं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "सोडं का त्यानी?" मी म्हटलं, मी आपणहून आले. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. भावजय चांगली होती, पण घर आता तिचं होतं, भांडी कुठे ठेवायची ते मला तिला विचारावं लागत होतं. मी रस पोटभर खाल्ला, दुपारी गाढ झोपले, आणि बाराव्या दिवशीच परत निघाले. मला माझं घर आठवलं म्हणून नाही. यजमान तिथे एकटे, आणि झरा खाली, हे मनातून जात नव्हतं.

चौकीवर पोचले तेव्हा त्यांनी चूल पेटवली होती. हाताला दोन ठिकाणी भाजलेलं होतं. पोरीने धावत जाऊन त्यांना मिठी मारली. तक्ता ओट्यावर दगडाखाली ठेवलेला होता. प्रत्येक दिवसाच्या ओळीत त्यांनी सारखंच लिहिलं होतं : 'मोजणारी माहेरी गेली असल्याने नोंद नाही.' त्यांनी सरकारी कागदावर माझी नोंद केली होती, सात वर्षांत पहिल्यांदा.

फक्त एका दिवशी, मोठ्यांच्या घरात, एक आकडा होता. एक.

"हाऊ काय?" मी विचारलं.

"एक ऊना," ते म्हणाले. "मी खडकवर बठेल व्हतू. इतला खाले ऊना का माले दखायना. सावली पडनी मन्हावर." त्यांना ते खरंच दिसलं होतं.

"कोन व्हता? गरुड का घार?"

"ते माले काय माहीत. मोठा व्हता."

मी तो तक्ता तसाच पाठवला. पुढच्या वर्षी त्यांची दृष्टी पार गेली आणि खात्याने त्यांना घरी बसवलं. आम्ही धानोऱ्याला आलो. दिरांनी मागची खोली दिली, मी गावातल्या मुलींना अक्षरं शिकवू लागले आणि त्यावर आमचं भागलं. यजमान दिवसभर दारात बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पावलांवरून नावाने हाक मारायचे. घारींचा विषय आम्ही दोघांनीही पुन्हा फारसा काढला नाही. त्या तक्त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही.